काटा खरा बोलला पाहिजे : जुन्या व्हॉल्व्ह रेडिओत नवी यंत्रणा बसवताना

मिरजेला आत्याच्या घरी माळ्यावर पाच व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, तापून पेटणाऱ्या काचेच्या नळ्यांचा) एक लाकडी रेडिओ कित्येक वर्षं पडून होता. घर पाडायचं ठरलं तेव्हा तो पुण्याला माझ्याकडे आला. मागचा पुठ्ठा काढला तर आत उंदरांनी कागदाच्या कपट्यांचं घरटं केलेलं, मेन ट्रान्सफॉर्मरमधलं मेण वितळून चासीवर, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावर ओघळलेलं आणि थिजलेलं, वायरींवरचं रबर तर बोट लागलं की बिस्किटासारखं तुटत होतं. पुढची काच मात्र शाबूत होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, सिलोन, लाहोर, ढाका. बटण फिरवलं तसा काटा त्या गावांवरून डुलत पुढे सरकला. इतक्या वर्षांनी काटा ओढणारा दोरा तुटला नव्हता.

अशा रेडिओचं काय करायचं याचं बाजारात एकच उत्तर मिळतं : आतलं सगळं काढा, ब्लूटूथचं बोर्ड टाका. मला ते पटत नाही. मग तो रेडिओ राहत नाही, रेडिओच्या आकाराचं स्पीकरचं खोकं होतं. बटण फिरवलं की काटा सरकला पाहिजे, आणि काटा ज्या आकड्यावर थांबेल त्याच आकड्याचं स्टेशन लागलं पाहिजे. यंत्रणा आतून नवी असली तरी चालेल, डायल खोटी पडता कामा नये. पुढची सगळी पद्धत या एका अटीवर उभी आहे.

आधी ठरवा : दुरुस्ती की बदल?

ट्रान्सफॉर्मर शाबूत असेल, व्हॉल्व्ह जागेवर असतील, तर कृपा करून आतलं काही काढू नका. अशा बहुतेक संचांत मेणाच्या कागदाचे कंडेन्सर आणि फिल्टरचे मोठे कंडेन्सर बदलले की रेडिओ बोलायला लागतो. ईएल८४सारखे व्हॉल्व्ह गिटारच्या अँप्लिफायरांमुळे आजही नवे बनतात, आणि बाकीचे जुन्या साठ्यातून मिळतात. व्हॉल्व्हचं काम जाणणारा कारागीर शोधायला वेळ लागला तरी शोधा.

नवी यंत्रणा टाकायची ती तीनच प्रसंगी : मेन ट्रान्सफॉर्मर जळलाय आणि तसाच दुसरा मिळत नाही, चासी गंजून चाळण झालीय, किंवा कुणीतरी आधीच आतलं सामान काढून विकलंय. तेव्हाही पेटीला नवं भोक पाडायचं नाही आणि काढलेली एकही वस्तू फेकायची नाही. उद्या कुणाला त्यात पुन्हा व्हॉल्व्ह पेटवावेसे वाटले तर वाट मोकळी हवी.

आणखी एक गोष्ट आत्ताच करून बघा. साधा पॉकेट रेडिओ घेऊन, रेडिओ जिथे ठेवणार त्याच खोलीत मीडियम वेव्हवर काय लागतं ते ऐका, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. सिमेंट-सळईच्या इमारतीत लहरी अडतात, आणि एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर यांची खरखर असते. काहीच लागत नसेल तर मीडियम वेव्हवर कष्ट घेण्यात अर्थ नाही, एफएमवर भर द्या.

हात घालण्याआधी

प्लग काढलेला हवा, हे सांगायला नको. पण संच नुकताच कुणी चालू करून बघितला असेल तर प्लग काढल्यावरही फिल्टरच्या कंडेन्सरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट साठलेले असतात. दहा किलोओहम, पाच वॅटचा रेझिस्टर घ्या, त्याच्या दोन्ही टोकांना इन्सुलेशनवाल्या वायरी लावा आणि कंडेन्सरच्या टोकांवर पाच सेकंद धरा. मग मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून खात्री करा. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची जुनी सवय असते बऱ्याच जणांना, ती सोडा.

दुसरा धोका एसी/डीसी संचांचा. मागच्या पाटीवर तसं लिहिलेलं असतं, किंवा व्हॉल्व्हची नावं ‘यू’ने सुरू होतात : यूसीएच८१, यूबीएफ८९, यूसीएल८२. यांत मेन ट्रान्सफॉर्मर नसतोच, चासी थेट घरातल्या विजेच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर अख्खी चासी २३० व्होल्टवर जाते, आणि बटणाच्या बाजूच्या छोट्या स्क्रूला बोट लागलं तरी झटका बसतो. असा संच पुठ्ठा काढून, प्लग लावून ‘जरा बघू’ असं कधीही करू नका. नव्या यंत्रणेत हा धोका कायमचा जातो, एवढी एक गोष्ट बदलाच्या बाजूने बोलते.

काही संचांत गरम होणाऱ्या व्हॉल्व्हच्या वर, पेटीच्या छताला करड्या रंगाचा जाड पुठ्ठा चिकटवलेला असतो. तो अ‍ॅसबेस्टॉसचा असू शकतो. खरवडू नका, घासू नका, आहे तसा राहू द्या.

आता फोटो काढा. वरून, खालून, बाजूंनी, आणि डायलच्या दोऱ्याचे तर दहा फोटो काढा : ड्रमवर, म्हणजे दोऱ्याच्या मोठ्या चाकावर, किती वेढे, कुठल्या कप्पीवरून कुठल्या बाजूने, ट्यूनिंगच्या दांड्यावर किती वेढे, स्प्रिंग कुठे. कागदावर चित्रही काढून ठेवा. फोटोत दोरा वरून गेलाय की खालून ते नेमकं कळत नाही, हा अनुभव मी एक अख्खा रविवार घालवून घेतला.

काच आणि लाकूड

काचेबद्दल एकच नियम : अक्षरं असलेल्या बाजूला पाणी, स्पिरिट, साबण यांतलं काहीही लावायचं नाही. अक्षरं काचेच्या मागच्या बाजूला छापलेली असतात आणि इतक्या वर्षांनी तो रंग काचेवर नुसता टेकलेला असतो. माझ्या हातून पूर्वी एका काचेवरचं ‘सिलोन’ ओल्या फडक्याबरोबर निघून आलं, ते परत आणता आलं नाही. मागून फक्त मऊ कोरडा ब्रश फिरवा. पुढची बाजू काच सपाट ठेवून किंचित ओल्या फडक्याने पुसा, पाणी कडेने मागे झिरपू देऊ नका.

लाकडी पेटी उलटी करून बारीक पिवळा भुसा पडतो का बघा. पडत असेल तर पोखरणारा किडा जिवंत आहे. किडीवरचं औषध सुईने भोकाभोकांत सोडा, पेटी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर ठेवा आणि मगच घरात आणा. व्हिनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) कुठे उचललं असेल तर त्याखाली इंजेक्शनच्या सिरिंजने पातळ केलेला फेव्हिकॉल सोडून, वर बटर पेपर आणि त्यावर वजन ठेवून रात्रभर दाबून ठेवा.

पॉलिशच्या बाबतीत मी जुन्या मताचा आहे. मूळचं पॉलिश घासून काढून चकचकीत मेलामाइनचं पॉलिश मारलं की पेटी नव्या टीव्ही-युनिटसारखी दिसते. त्याऐवजी आधी सौम्य साबणाच्या घट्ट पिळलेल्या फडक्याने मळ काढा. खाली बऱ्याचदा सुंदर रंग निघतो. मग चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवा, एका लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास. मलमलच्या फडक्यात कापूस गुंडाळून गादी करा आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेने पातळ थर द्या. प्रत्येक थर सुकू द्या. पाच-सहा थरांत काम होतं. पावसाळ्यात हे काम करू नका, हवेतल्या ओलीने लाखेवर पांढुरका धूर धरतो.

स्पीकरवरचं कापड फाटलं नसेल तर बदलू नका. बदलायचंच झालं तर उजेडाकडे धरल्यावर आरपार दिसेल असं विरळ विणीचं घ्या.

स्पीकर शक्यतो तोच

या रेडिओचा आवाज म्हणजे निम्मा तो आठ इंची कागदी स्पीकर आणि निम्मी ती लाकडी पेटी. नवा छोटा स्पीकर लावला की तो घुमारा गेला. म्हणून जुना तपासा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरकडून येणाऱ्या दोन वायरी सोडवा, मल्टिमीटरने ओहम मोजा. तीन-साडेतीन आले तर तो चार ओहमच्या घरातला आहे. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, ‘टक’ असा आवाज होऊन कागद हलला पाहिजे. मग दोन्ही हातांच्या बोटांनी कागद सगळीकडून सारखा, हलकेच आत दाबा. घासल्यासारखा आवाज आला तर फटीत कचरा आहे किंवा कॉइल मध्यातून सरकली आहे.

कागद फाटला असेल तर टिश्यू पेपरचा तुकडा कात्रीने कापू नका, हाताने फाडा म्हणजे त्याच्या कडा विरळ राहतात. पाणी घालून पातळ केलेल्या फेव्हिकॉलने तो मागून चिकटवा. सुकल्यावर शोधावा लागतो इतका बेमालूम बसतो.

फार जुन्या, चाळीसच्या दशकातल्या किंवा त्याआधीच्या संचांत स्पीकरला कायमचं चुंबक नसतं, विजेवर चालणारं असतं. मागच्या लोखंडाला स्क्रूड्रायव्हर चिकटत नसेल आणि हजार-दोन हजार ओहमची वेगळी कॉइल सापडली, तर तो नव्या यंत्रणेत वापरता येणार नाही. तो गुंडाळून ठेवा आणि तेवढ्याच मापाचा दुसरा शोधा. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, मुंबईत चोरबाजारात असे स्पीकर, बटणं, कधी अख्ख्या चाशा मिळतात.

वीजपुरवठा : जड आणि जुन्या पद्धतीचाच

इथे बहुतेक जण घसरतात. मोबाइलच्या चार्जरसारखा हलका स्विचिंग पुरवठा आणि नखाएवढं, क्लास-डी जातीचं आवाज वाढवणारं अँप्लिफायर घेतलं की एफएम छान वाजतं, मीडियम वेव्ह लावलं की नुसता करकराट. दोन्हींच्या आतली वीज सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद होत असते आणि त्याचा गोंगाट थेट त्याच लहरींत येतो.

म्हणून लोखंडी गाभ्याचा साधा ट्रान्सफॉर्मर घ्या, १५ व्होल्ट, १ अँपिअर. त्यापुढे एसीची डीसी करणारा चार डायोडचा ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कंडेन्सर, आणि बऱ्यापैकी हीटसिंकवर (उष्णता घालवणाऱ्या पत्र्यावर) ७८१२, म्हणजे स्थिर बारा व्होल्ट देणारा रेग्युलेटर. बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरही चालतो, पण संध्याकाळी घरातलं व्होल्टेज २०० वर आलं की ७८१२ला अंतर पुरत नाही आणि गाण्यात घरघर येते. ब्रिजच्या चारही डायोडवर एकेक ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावा. हे नसेल तर स्टेशन बरोबर लागल्यावरच ‘घूं’ ऐकू येतं आणि लोक फिल्टर वाढवत बसतात.

७८१२च्या बारा व्होल्टवर अँप्लिफायर चालेल. तिथूनच पाच व्होल्टचा ७८०५ आणि त्यापुढे ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर, तो स्टेशन पकडणाऱ्या रिसीव्हर चिपसाठी. अँप्लिफायर म्हणून टीडीए२००३. कारच्या टेपरेकॉर्डरसाठी बनलेली ही चिप चार ओहमचा स्पीकर सहज चालवते आणि घरातल्या खोलीला लागतात त्याहून जास्त वॅट देते. हे सगळं पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं.

जुनी दोन तारांची कापडी वायर काढून तीन पिनची लावा आणि हिरवी तार चासीला स्क्रूने घट्ट बसवा. ट्रान्सफॉर्मरच्या आधी २५० मिलिअँपिअरचा फ्यूज हवाच. मूळ रेडिओत आवाजाच्या बटणालाच २३० व्होल्टचा स्विच असतो. मी ती वीज पुढच्या बाजूला नेत नाही. आवाजासाठी स्विचवालं १० किलोओहमचं लॉग पोट (पोटेन्शिओमीटर, म्हणजे दांडा फिरवून कमी-जास्त होणारा रेझिस्टर) लावलं, आणि त्या स्विचने फक्त बारा व्होल्ट चालू-बंद होतात. आपल्याकडे भिंतीवरच्या प्रत्येक सॉकेटला बटण असतं, ट्रान्सफॉर्मर तिथून बंद करायचा.

डायलमागच्या ६.३ व्होल्टच्या दिव्यांच्या जागी पिवळसर उजेडाचे एलईडी, रेझिस्टरमधून. काचेपाशी थेट न लावता जुन्या दिव्याच्याच जागी, पांढऱ्या कागदाआड लावा म्हणजे ठिपके दिसत नाहीत. व्हॉल्व्हखाली नारिंगी एलईडी लावून ते पेटल्यासारखे दाखवायची पद्धत निघाली आहे. मी व्हॉल्व्ह जागेवर ठेवले, पण विझलेलेच.

काटा, दोरा आणि नवा रिसीव्हर

आता खरं काम.

बिनकष्टाची वाट आधी सांगतो. एसआय४८२५ नावाची चिप साध्या १०० किलोओहमच्या पोटने ट्यून होते, प्रोग्रॅम लिहावा लागत नाही. बटण फिरवा, स्टेशन बदलतं. पण काचेवर छापलेल्या आकड्यांशी तिचा मेळ बसत नाही, कारण मूळ डायल गँग कंडेन्सरच्या, म्हणजे फिरत्या पात्यांच्या जुन्या ट्यूनिंग कंडेन्सरच्या, पात्यांच्या आकाराप्रमाणे आखलेली असते : एका टोकाला मोकळी, दुसऱ्या टोकाला दाटीवाटीची. डायल खरी हवी असेल तर एसआय४७३२ ही रिसीव्हर चिप घ्या आणि तिला छोटा मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम चालवणारा चिमुकला संगणक) जोडा. मी ३.३ व्होल्टचा, ८ मेगाहर्ट्झचा अर्दुइनो प्रो मिनी वापरला. पाच व्होल्टचा अर्दुइनो नॅनो थेट जोडू नका, ही चिप ३.३ ची आहे. प्रोग्रॅमसाठी पीयू२सीएलआर या हॅम (हौशी रेडिओ) परवान्याच्या नावाने ओळखली जाणारी, ब्राझीलमधून आलेली तयार कोडची मोफत लायब्ररी आहे, तिच्यात सगळा पाया तयार मिळतो.

कल्पना अशी : दोऱ्याचा मोठा ड्रम ज्या गँगच्या दांड्यावर बसलेला असतो ती गँग काढायची आणि तिच्या जागी, अगदी त्याच उंचीवर, एल-पट्टीवर १० किलोओहमचं लिनिअर पोट बसवायचं. ड्रम पोटच्या दांड्यावर. काटा, दोरा, कप्प्या, बटण, सगळं मूळचं. पोट किती फिरलं हे मायक्रोकंट्रोलर वाचेल आणि रिसीव्हरला स्टेशन सांगेल.

गँग काढण्याआधी चासीपासून तिच्या दांड्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी दोरा कप्पीवरून उतरतो. ड्रमचं भोक पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचं, आणि आजच्या पोटचा दांडा ६ मिलिमीटरचा. तेवढ्या फटीने ड्रम लंगडतो आणि काटा पुढे-मागे डुलतो. थंड पेयाच्या डब्याचा पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कात्रीने कापून दांड्यावर एक वेढा गुंडाळा, त्यावर ड्रम चढवा आणि बाजूचा स्क्रू आवळा. दोन वेढे बसत नाहीत, एकच.

एक गोष्ट मला आधी सुचली नव्हती. गँग १८० अंश फिरून स्वतः अडते, पोट २७०-३०० अंश फिरतं. गँग गेली की अडकावही गेला, बटण फिरवत राहिलं तर काटा डायलच्या बाहेर जाऊन दोरा ताणतो. म्हणून ड्रमच्या तोंडावर एक छोटा बोल्ट आणि चासीवर दोन खुंट्या, मूळच्याच जागी काटा थांबेल अशा.

पोट हलकं फिरणारं घ्या. घट्ट असेल तर दांडा फिरतो, दोरा नुसता घसरतो. दोरा बदलायचा झाला तर मासे धरायची नायलॉनची एकेरी दोरी नको, ती ताणत जाते. विणलेली बारीक दोरी घ्या, ट्यूनिंगच्या दांड्यावर अडीच वेढे, आणि ड्रममधली स्प्रिंग अर्धी ताणलेली.

आता हिशोब. भारतात मीडियम वेव्ह ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ, दर ९ किलोहर्ट्झला एक जागा, एकूण १२० जागा. अमेरिकेत हे अंतर १० असतं आणि बरेचसे तयार प्रोग्रॅम तसेच लिहिलेले असतात. तो ९ करायला विसरलात तर बहुतेक स्टेशनं कडेकडेनेच लागतील, चिरकत. पोट पूर्ण फिरलं तर मायक्रोकंट्रोलर ० ते १०२३ आकडे वाचतो, पण आपला ड्रम अर्धाच फेरा घेतो, म्हणून हाताशी ६८० च्या आसपास. एका जागेला पाच-सहा आकडे मिळाले. पुरतात, पण काठावर. म्हणून सोळा वाचनांची सरासरी घ्या, आणि पुढच्या जागेत दोन आकडे आत शिरल्याशिवाय स्टेशन बदलू नका. नाहीतर सीमेवर काटा असताना दोन स्टेशनं एकमेकांशी भांडत राहतात.

आणि आता डायल जुळवणं, यासाठी एक निवांत संध्याकाळ राखून ठेवा. संगणकाच्या पडद्यावर पोटचा आकडा दिसू द्या. काटा काचेवरच्या प्रत्येक छापील खुणेवर नेमका आणा आणि आकडा लिहून घ्या. जुन्या डायलींवर मीटर असतात. तीन लाखाला मीटरने भागलं की किलोहर्ट्झ मिळतात. माझ्या डायलवर ४०० मीटरला, म्हणजे ७५० किलोहर्ट्झला ३८१ आला, ३५०ला, म्हणजे ८५७ किलोहर्ट्झला ४४७, आणि ३००ला, म्हणजे १०००ला ५२८. अशा दहा-बारा खुणांचा तक्ता प्रोग्रॅममध्ये लिहायचा आणि दोन खुणांमधलं अंतर सरळ प्रमाणात वाटून द्यायचं. पुणे केंद्राचे ७९२ किलोहर्ट्झ माझ्या हिशोबाने ४०७ वर आले पाहिजेत, आणि काटा ३७९ मीटरच्या जागी. मुंबईचे ५५८ म्हणजे ५३८ मीटर, नागपूरचे ५८५ म्हणजे ५१३, सांगलीचे १२५१ म्हणजे २४० मीटर. प्रत्येक वेळी काट्याकडे डोळा काटकोनात ठेवून बघा, तिरकं बघितलं की दोन-तीन आकड्यांची चूक होते. तक्ता झाला की रात्री लांबची स्टेशनं येतात तेव्हा ताडून बघा. हे एवढं झालं आणि बटण फिरवून काटा खुणेवर आला, की वाटतं हा संच पुन्हा शुद्धीवर आला.

एफएमची पट्टी जुन्या काचेवर नसते. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये २०० जागा होतात, एका जागेला तीनच आकडे मिळतात आणि ते पुरत नाहीत. मी गावातली स्टेशनं एवढीच यादीत घातली, प्रत्येकाला डायलवर बोटभर रुंद जागा दिली आणि मधल्या जागेत आवाज बंद. काचेवर चिठ्ठी चिकटवली नाही.

शॉर्टवेव्हला बाहेर तीन-चार मीटरची तार लागते, आणि शहरात तिथे आवाजापेक्षा खरखर जास्त. मी ते सोडून दिलं.

अँटेना : एफएमला ७५ सेंटिमीटरची वायर, पेटीच्या आतून वरच्या कडेला ताणून. मीडियम वेव्हला फेराइटची दांडी, दहा सेंटिमीटर तरी लांब, तिच्यावर ३०० मायक्रोहेन्रीच्या आसपास भरेल अशी कॉइल. या चिपला १८० ते ४५० मधली लागते. पॉकेट रेडिओतली तयार कॉइल बहुधा याहून जास्त भरते, तिचे काही फेरे सोडवावे लागतात. दांडी आडवी, चासीपासून चार बोटं दूर, ट्रान्सफॉर्मरच्या विरुद्ध टोकाला. मायक्रोकंट्रोलर आणि रिसीव्हर पत्र्याच्या छोट्या डबीत घालून डबी चासीला जोडा. काटा हलत नसेल तेव्हा मायक्रोकंट्रोलरने रिसीव्हरशी बोलायचंच नाही, असा प्रोग्रॅम लिहा. माझ्या संचातली शेवटची टिकटिक यानेच गेली.

बँडचं बटण आणि ग्रामोफोनची जागा

बँड बदलायच्या बटणाला बहुधा एक जागा ग्रामोफोनची असते आणि मागे पिकअप, म्हणजे ग्रामोफोनची वायर, लावायची दोन भोकं. ब्लूटूथ बसवायचंच असेल तर त्याची जागा ही. बाहेरून येणारा आवाज त्या काळीही इथूनच यायचा. स्विचचे संपर्क कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, वीस-तीस वेळा फिरवा, आणि त्याच संपर्कांनी मायक्रोकंट्रोलरच्या पिना ग्राउंडला, म्हणजे चासीला, जोडून बँड ओळखा. ब्लूटूथला वीज फक्त त्या जागेवर बटण असतानाच मिळू द्या, नाहीतर मीडियम वेव्हवर त्याची किरकिर येते.

एसआय४७३२चे डावा-उजवा आवाज एकमेकांना थेट जोडू नका, प्रत्येकाला १० किलोओहमचा रेझिस्टर लावून मग एकत्र करा. तिचा आवाज शंभर मिलिव्होल्टच्याही खाली, ब्लूटूथचा कितीतरी मोठा. ब्लूटूथच्या वाटेत रेझिस्टर घालून दोन्ही सारखे केले नाहीत तर बटण फिरवल्यावर सगळं घर दचकेल.

पहिल्यांदा वीज देताना

सिरीज बोर्डवर (ज्यात वीज आधी दिव्यातून आणि मग प्लगला जाते) ४० वॅटचा तारेचा दिवा लावा, एलईडी चालत नाही. रेडिओचा प्लग त्यात. दिवा क्षणभर लकाकून मंदावला तर ठीक, तसाच पेटत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. रिसीव्हर आणि मायक्रोकंट्रोलर त्यांच्या जागेतून काढून आधी नुसतेच व्होल्टेज मोजा : १२, ५, ३.३. नंतर अँप्लिफायर, शेवटी रिसीव्हर. चासी आणि अर्थची पिन यांच्यामधला ओहम शून्याच्या जवळ आहे ना, हे पुठ्ठा लावण्याआधी पुन्हा एकदा बघा. मग चार तास वाजत ठेवा. ७८१२च्या हीटसिंकला बोट टेकवता येत नसेल तर तो मोठा हवा. मागच्या पुठ्ठ्याची भोकं झाकू नका.

काढलेली गँग, ट्रान्सफॉर्मर, जुनी वायर, एकेक स्क्रू, फोटोंच्या छापील प्रतींसह एका खोक्यात भरा आणि खोकं रेडिओजवळच ठेवा. मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा : बदल केल्याची तारीख, फ्यूज किती अँपिअरचा, डायलचा तक्ता, एफएमची स्टेशनं डावीकडून उजवीकडे, आणि मूळचं सामान कुठल्या खोक्यात आहे ते. पेन्सिलने लिहा, शाई दमटपणाने पसरते.